यामाहाच्या चिपवर तंबोरा: ७३२ चा षड्ज आणि जवारीचा दोरा

मागच्या नोंदीत पेंटियमचा डबा सुरू झाला आणि कार्डातून पहिला ‘टूं’ निघाला, एवढ्यावर थांबलो होतो. आता त्या ‘टूं’चा तंबोरा करायचं चाललंय. सांगलीत राहायचं, मिरज हाकेच्या अंतरावर, आणि जुन्या साउंड कार्डावर गेमची गाणी वाजवत बसायचं, हे मला काही पटेना. ती सगळ्यांनी वाजवून झालीत.

कार्ड बिननावाचं आहे, जुन्या पीसीतल्या आयएसए स्लॉटचं, भंगारात किलोवर आलेलं. पण त्यावर यामाहाची वायएमएफ२६२ चिप आहे, म्हणजे आपली ओपीएल३, आणि शेजारी वायएसी५१२ हा छोटा डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप). या दोन नावांवर नजर गेली की बाकी कार्ड कसं का असेना, उचलायचं. अ‍ॅनलॉग बाजूचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाकले. सूं सूं आवाज तरी राहिलाच, कारण तो टीईए२०२५ या अ‍ॅम्प्लिफायरमधून येत होता. अशा बऱ्याच कार्डांवर अ‍ॅम्प्लिफायर टाळून थेट लाइन-आउट घ्यायचे जंपर असतात. ते सरकवले आणि मागची खरखर गेली. हार्डवेअरचं एवढंच. खरी मजा पुढे आहे.

नवीन मंडळींना एक गोष्ट पटवून द्यावी लागते: या चिपमध्ये कुठल्याही वाद्याचा आवाज भरून ठेवलेला नाही. सतार नाही, पियानो नाही, काही नाही. आत आहे साइन लहरीचं एक छोटं कोष्टक, तेही लॉगरिदममध्ये, आणि त्यातून परत यायला दुसरं कोष्टक. लॉगमध्ये असल्यामुळे आवाज लहानमोठा करायला गुणाकार लागत नाही, बेरजेवर भागतं. २००८ मध्ये मॅथ्यू गॅम्ब्रेल आणि ओली निएमितालो यांनी या घराण्यातल्या चिपा उघडून, आतले फोटो काढून ही कोष्टकं जशीच्या तशी वाचली. आजचे इम्युलेटर (चिपची नक्कल करणारे प्रोग्रॅम) इतके बिनचूक वाजतात त्यामागे ही मेहनत आहे.

बाकी सगळं फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग १९६७ च्या सुमारास कंपनाचे प्रयोग करत होते. एका लहरीनं दुसरीचा स्वर हलवायचा: हलवणारी ती मॉड्युलेटर, हलणारी आणि ऐकू येणारी ती कॅरिअर. हलवणं सावकाश असेल तर कान त्याला कंप म्हणतो, पण वेग वाढवत नेला की कंप ऐकू येणं बंद होतं आणि आवाजाचा पोतच बदलतो. यामाहानं हे तंत्र घेतलं, १९८३ मध्ये त्यावर डीएक्स७ सिंथेसायझर काढला. त्याची गरिबाघरची आवृत्ती म्हणजे वायएम३८१२, अर्थात ओपीएल२, जी १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डावर बसली. डीएक्स७ मध्ये एका स्वराला सहा ऑपरेटर (लहर काढणारे घटक), इथे दोन. नऊ स्वर एका वेळी. ओपीएल३ मध्ये अठरा झाले, आणि हवं तर चार ऑपरेटर जोडून सहा भारदस्त स्वर करता येतात. माझा तंबोरा या सहांच्या जिवावर आहे.

‘वेव्हटेबल कार्ड घे की, सॅम्पल टाक आणि मोकळा हो,’ असं एका मित्रानं सुचवलं. (वेव्हटेबल म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे, सॅम्पल, वाजवणारं कार्ड.) सॅम्पलच वाजवायचं तर मोबाइलवर तंबोऱ्याची अ‍ॅप ढिगानं पडलीत. शिवाय १९९१ च्या जनरल मिडी या ठरावीक यादीतल्या १२८ वाद्यांत १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२ वर सनई आहे, तंबोरा नाहीच. जे यादीतच नाही ते स्वतः घडवण्यात वेगळी गंमत आहे.

आता स्वर. प्रोग्रॅम टर्बो सी मध्येच लिहिला. तो निळा स्क्रीन बघून इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलचा घाम परत फुटला, पण पोर्टवर थेट लिहायला ‘आउटपोर्टबी’सारखं सुटसुटीत काही नाही. पोर्ट ३८८ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला आकडा) वर रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या खणाचा, नंबर टाकायचा, ३८९ वर किंमत. ओपीएल२ ला दोन्हींच्या मध्ये ३.३ मायक्रोसेकंद आणि नंतर २३ मायक्रोसेकंद श्वास घ्यायला द्यावा लागतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये तेच पोर्ट सहा वेळा आणि पस्तीस वेळा उगाच वाचलेलं दिसतं ते यासाठी. ओपीएल३ इतकी नाजूक नाही, पण मी सवय ठेवली आहे.

चिपला हर्ट्झ कळत नाहीत. तिला कळतो ० ते १०२३ मधला एफ-नंबर आणि ० ते ७ मधला ब्लॉक, म्हणजे सप्तक. चिप सेकंदाला ४९,७१६ नमुने काढते. ४४० हर्ट्झ हवे असतील तर ब्लॉक ४ आणि एफ-नंबर ५८० येतो. मला काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) हवी होती, १३८.५९ हर्ट्झ. ब्लॉक २ मध्ये हिशेब ७३०.७६ येतो. कुणीही ७३१ घेईल आणि पुढे जाईल.

पण तंबोऱ्याला तारा चार: पंचम, षड्जाचे दोन जोड आणि एक सप्तक खालचा खर्ज. मग पंचमाचं काय? तंबोऱ्याचा पंचम कीबोर्डवरचा नसतो, तो खर्जाच्या बरोब्बर दीडपट असतो. खर्ज म्हणजे तोच ७३१, एक ब्लॉक खाली. ब्लॉक २ च्या मापात पंचमाला ७३१ चा पाऊण भाग हवा: ५४८.२५. पाव कुठून आणणार? ५४८ घेतला तर फरक एका सेंटहूनही (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) कमी पडतो, तरी ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे तिथं असा पंचम घेऊन जायची माझी छाती नाही. म्हणून षड्ज ७३२ वर घेतला. ७३२ चा पाऊण भाग ५४९. पूर्णांकात पूर्णांक, दीडपट म्हणजे दीडपट. षड्ज काळी एकपेक्षा साधारण तीन सेंट चढा झाला, १३८.८ हर्ट्झ, ट्यूनर लावून पाहिलं तर तेवढाच दाखवतो. गाणाऱ्याला तीन सेंटचं काही वाटत नाही, तो आपला सा तंबोऱ्यावरूनच घेतो. तारा आपसांत जुळल्या की झालं.

रजिस्टरच्या भाषेत, पहिल्या चॅनलसाठी: ए० मध्ये डीसी, बी० मध्ये २ए. खर्जाला डीसी आणि २६. पंचमाला २५ आणि २ए. ज्यांना हेक्स येतं त्यांनी फोडून बघा, की-ऑनचा (स्वर सुरू करायचा) बिट, ब्लॉक आणि एफ-नंबरचे वरचे दोन बिट दिसतील.

सूर लागला, पण नाद नव्हता. पहिला पॅच (चिपच्या सेटिंगचा संच) साधा होता: दोन ऑपरेटर, दोघांचा गुणक (मूळ स्वराच्या किती पट) १, मॉड्युलेटरला थोडा फीडबॅक. एक-ला-एक प्रमाणात सगळी हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) येतात, तंबोऱ्याला तीच हवी असतात. रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत एका चाचांच्या दुकानात माझं जाणंयेणं आहे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कारागिरांच्या हातांना.) चाचा एका भोपळ्याला कानस मारत होते. हात न थांबवता ऐकलं.

“कंच्या लाकडाचा हाय?”

“लाकूड नाही चाचा, कॉम्प्युटरची चिप आहे.”

“खर्ज बरा हाय. पण जवारी बंद हाय ह्याची. आवाज एकदम येतोय न् मरतोय. तार छेडली की नाद मागनं फुलाय पाहिजे.”

मग कानस खाली ठेवली आणि शेजारच्या तयार तंबोऱ्यावर दाखवलं. घोडीवर तारेखाली दोरा असतो तो काढून जोडाची तार छेडली: आवाज सुरेल, पण सपाट, माझ्या रेकॉर्डिंगसारखाच. दोरा परत घातला, नखानं केसभर पुढे सरकवला, छेडली. आता आघातानंतर जरा थांबून वरची हार्मोनिक उठली आणि एकेक करून खाली उतरत गेली. आणखी केसभर सरकवला तर आवाज झणझणीत पण कर्कश. घोडीचा माथा किंचित उताराचा असतो, तार त्याला हलकेच घासत कंप पावते, आणि तिनं नेमकं कुठून घासायला लागायचं ते दोरा ठरवतो. या घासण्यातून फुलणारा नाद म्हणजे जवारी.

परत येताना बसमध्येच डोक्यात जुळलं. एफएममध्ये आवाजाची चमक मॉड्युलेटरच्या पातळीवर ठरते, आणि त्या पातळीला स्वतःचा वेगळा चढउतार देता येतो. म्हणजे माझा दोरा मॉड्युलेटरच्या एन्व्हलपमध्ये, त्या चढउतारात, आहे. कॅरिअर लगेच उठू दे, मॉड्युलेटर उशिरा येऊ दे आणि हळूहळू ओसरू दे. मॉड्युलेशन ओसरताना हार्मोनिक सरळ रांगेत कमी होत नाहीत. एखादं मध्येच शून्याला टेकतं, परत वर येतं, दुसरं त्याची जागा घेतं. एफएमचा हा गणिती स्वभाव इतर वाद्यांची नक्कल करताना अडचणीचा ठरतो. तंबोऱ्याला तो नेमका मानवतो.

सध्याचा पॅच असा आहे. चार ऑपरेटरचा स्वर, त्यात एफएमच्या दोन जोड्या समांतर. त्यासाठी १०५ रजिस्टरमध्ये १ टाकून ओपीएल३ जागी करायची, १०४ मध्ये ३एफ टाकून सहाही स्वर चार ऑपरेटरचे करायचे. पहिली जोडी तारेचं अंग: गुणक १ आणि १, मॉड्युलेशन बेताचं, कॅरिअरचा अ‍ॅटॅक १२. हा आवाज उठायचा वेग, मुद्दाम १५ नाही. १५ ला आवाज एका क्षणात पूर्ण उघडतो आणि टिचकी मारल्यासारखा खडखड करतो. दुसरी जोडी जवारी: मॉड्युलेटरचा गुणक १, पण कॅरिअरचा ६, म्हणजे सहाव्या हार्मोनिकच्या आजूबाजूला घोळका तयार होतो. या दोघांचा अ‍ॅटॅक ३, साधारण अर्धा सेकंद लागतो वर यायला. डिके, म्हणजे ओसरायचा वेग, जवळजवळ तळाला. ओपीएलचा सर्वांत मंद डिके चाळीस सेकंदांच्या आसपास जातो, त्यामुळे खर्जाचा लांब नाद मिळायला अडचण नाही.

दुसऱ्या मॉड्युलेटरची पातळी म्हणजे टोटल लेव्हल हा माझा केसभर सरकवायचा दोरा. ० म्हणजे पूर्ण आवाज, ६३ म्हणजे जवळजवळ गप्प, एक पायरी पाऊण डेसिबलची. खर्जाला २२, जोडांना २६, पंचमाला २८ वर मी येऊन थांबलोय. एकाच पॅचवर चारही तारा बसत नाहीत, तसे खऱ्या तंबोऱ्यातही चार दोरे वेगवेगळ्या जागी असतात. चिपमध्ये तयार कंपही आहे आणि आवाज हलवणारा ट्रेमोलोही; दोन्ही बंद ठेवलेत. तंबोऱ्याला कंप लावणाऱ्याला मिरजेच्या स्टेशनात उतरू देणार नाहीत.

मग जोड. दोन्ही तारा ७३२ वर ठेवल्या तर एकच तार मोठ्यानं वाजतेय असं वाटतं. खऱ्या जोडांत नाममात्र फरक राहतो आणि त्यातूनच ती सळसळ येते. दुसरी तार ७३३ वर नेली. चिपच्या हिशेबात ही सर्वांत लहान पायरी, ०.१९ हर्ट्झ. मूळ स्वरात सव्वापाच सेकंदांनी एक हेलकावा, पण पाचव्या हार्मोनिकमध्ये तोच पाचपट वेगानं, जवळपास सेकंदाला एक. हेडफोनवर हे ऐकताना मी खुर्चीत सरळ बसलो. स्वर बेसूर वाटत नाही, नुसता जिवंत होतो. दोन पायऱ्यांचा फरक करून पाहिला, तो कानाला खटकतो.

एक खोच इथेच आहे. की-ऑन केलं की चिप लहरीची फेज शून्यापासून सुरू करते. आधीचा नाद चालू असताना तीच तार परत छेडली तर सांध्यावर बारीक ‘टक’ ऐकू येतो. सहापैकी दोन स्वर शिल्लक आहेत, ते आलटून पालटून वापरावेत असं आधी मनात होतं. पण खरी तार छेडताना बोट टेकतं तेव्हा आधीचा नाद क्षणभर तुटतोच की. म्हणून छेडण्याआधी की-ऑफ, जलद रिलीज, वीसेक मिलिसेकंदांची उसंत आणि मग परत की-ऑन. टक गेला आणि बोट आलं. शिल्लक दोन स्वर तसेच राहिले. त्यावर पुढेमागे सूरपेटी बसवायचा विचार आहे.

हाच प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारा इम्युलेटर) न्यूक्ड ओपीएल, म्हणजे या चिपची नक्कल, लावून चालवला. रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून ऐकलं तर फरक दिसतो तो फक्त माझ्या कार्डाच्या अ‍ॅनलॉग भागाचा: वरचा भाग थोडा मवाळ. त्यामुळे ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनीही पॅच खुशाल करून बघावा.

चाचांना नवीन रेकॉर्डिंग ऐकवलं. “आता जवारी खुलली. पंचम अजून जरा वरडतोय,” म्हणाले. त्यानंतरच पंचम २८ वर गेला, आधी २५ होता.

पुढचं काम सोपं आहे, कारण ७३२ ला बारानं भाग जातो. मध्यमाचा तंबोरा हवा असेल तर पंचमाच्या जागी ४८८, तोही पूर्णांकात. मारव्यासारख्या रागासाठी निषाद लावायचा तर ६८६.२५ येतो, तिथं ६८६ वर भागवावं लागेल. माझी आतेबहीण काळी पाचमध्ये गाते; तिच्यासाठी ब्लॉक ३ मध्ये ६१२ चा षड्ज आणि ४५९ चा पंचम काढून ठेवलाय. तो काळी पाचपेक्षा सात सेंट उतरतो, पण बाराच्या पाढ्यातला पुढचा आकडा ६२४, तो साधारण २७ सेंट चढतो. तिच्याबरोबर पेटी असेल तर सात सेंटही कानाला लागतील, म्हणून पेटीच्या साथीसाठी ६१४ आणि ६१५ असे दोन वेगळे पॅच करून ठेवतोय, तिथं पंचमात थोडी तडजोड चालवून घेईन.