स्लॅमची तयारी, आठवडा सहावा: 'बाबांची लुना' ३:४० वरून ३:०४

मागच्या रविवारी 'बाबांची लुना' ही माझी कविता ३ मिनिटं ४० सेकंद चालली. आज ३:०४. आमच्या कट्ट्यावर नियम स्लॅमचेच, म्हणजे कविता सादर करायच्या स्पर्धेचे, शिकागोत १९८६ मध्ये कवी मार्क स्मिथनं ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये रुजवलेल्या खेळाच्या धर्तीवर: प्रेक्षकांतले पाच परीक्षक, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण बाद, बाकी तिघांची बेरीज. तीन मिनिटांवर दहा सेकंद सूट, पुढं दर दहा सेकंदांना अर्धा गुण वजा.

आधी मी नुसता वेग वाढवला. स्टेशनवरची घोषणा झाली. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर दुखणं वेगळंच निघालं. चढावर बाबा उतरून लुना ढकलतात, इथं चित्र पुरं होतं, आणि मी पुढं चार ओळी त्यांचे कष्ट समजावत बसले होते. उडवल्या. बावीस सेकंद तिथंच वाचले.

बाकीचं हनुमान टेकडीवर सुटलं. सकाळी सहाला म्हणत होते, तेवढ्यात फिरायला आलेले एक आजोबा थांबले. "पोरी, शेवटचा शब्द गिळतेस." खरंच की! लांब ओळीत दम संपतो, शेवट पुटपुटला जातो, आणि पुढच्या ओळीआधी मी हपापून श्वास घेते. घरी येऊन ती जागा अभंगात बसवून पाहिली, ६-६-६-४ अक्षरं:

चढावर बाबा
उतरून चाले
लुना संगे डोले
मी बसून

(बाबांना 'चाले' म्हणणं अभंगात खपतं, घरी नाही.) चौथा चरण दोन अक्षरं आधीच थांबतो, श्वास तिथं आपसूक आत येतो. 'सुंदर ते ध्यान' म्हणताना 'ठेवोनिया'नंतर काय होतं ते बघा. कविता मुक्तछंदातच ठेवलीय, हे एवढं कडवं मात्र राहू दिलं.

हातांचं अजून जमत नाही. वस्तू वापरायला बंदी, म्हणून हात मोकळे, पण लुनाचं नाव आलं की उजवी मूठ आपोआप पिळली जाते. आरशात बघून हसू आलं.

३:०४ दहा सेकंदांच्या सवलतीत बसतं, पण लोक हसले की थांबावं लागतं आणि घड्याळ थांबत नाही. म्हणजे २:५० हवं. कापायला एकच जागा दिसतेय, लुना भंगारात दिली ते कडवं. तीनदा खोडलं, तीनदा परत लिहिलं.