सिगारच्या डब्यातला बँड

हार्डकोर, म्हणजे पंक रॉकचा अतिवेगवान, कर्कश प्रकार वाजवणारा बँड मोडला की पहिला प्रश्न पैशांचा. पैसे म्हणजे तरी काय, वर्षभराच्या कार्यक्रमांतून उरलेली चिल्लर. वॉशिंग्टन डीसीच्या टीन आयडल्सनी ती सिगारच्या डब्यात साठवली होती. नोव्हेंबर १९८०मध्ये बँड संपला, तेव्हा एवढंच ठरायचं होतं: डबा चौघांत वाटायचा, की त्यातून रेकॉर्ड काढायची? रेकॉर्ड निघाली. सात इंची, आठ गाणी, हजार प्रती. लोकांच्या हातात पडली तेव्हा बँड नव्हताच. बारसं आणि तेरावं एकाच मांडवात म्हणतात ते हे. डिस्कॉर्ड या रेकॉर्ड काढणाऱ्या लेबलचा पहिला क्रमांक तो हाच.

सात इंचांत मावतं तरी किती? मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने एका बाजूला साधारण पाच मिनिटं. जास्त कोंबायचं तर सुई ज्यांतून फिरते ते चर एकमेकांना खेटू नयेत म्हणून कापतानाच आवाज खाली घ्यावा लागतो. आणि हळू आवाजातलं हार्डकोर म्हणजे कुजबुजत दिलेली शिवी. शिवाय सुई मध्याकडे सरकते तसा चराचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळात सुईखालून कमी प्लास्टिक जातं आणि झांजा, ‘स’कार फाटायला लागतात. म्हणून सगळ्यात कडक गाणं बाहेरच्या कडेला टाकायचं. आतल्या कडेचं गाणं कुणी लिहिलेलं, यावरून जुंपते ती वेगळीच.

पाकिटाचं काम तर शिवणकामासारखं. आयडल्सच्या मंडळींनी दुसऱ्या एका रेकॉर्डचं पाकीट उसवलं, सपाट केलं आणि त्याच्या कडांवरून पेन्सिल फिरवली. छापून आलेले कागद कात्रीने कापले, घड्या घातल्या, गोंद लावला. सोपं वाटतं, दहा पाकिटांनंतर वाटत नाही. घडी कागदाच्या धाग्याच्या उलट पडली तर कडेला भेगा जातात आणि शाई उडते. गोंद पातळ असेल तर कागद पोपडा धरतो. जास्त झाला तर आत झिरपून पाकिटाच्या दोन्ही भिंती चिकटतात. आणि तबकडीपेक्षा पाकीट सात-आठ मिलिमीटर तरी मोठं हवं, नाहीतर पहिल्यांदा तबकडी घालतानाच शिवण उलते. हे सगळं हजार वेळा करायचं, तेही न उरलेल्या बँडसाठी.

मंचावर घाई वेगळ्या तऱ्हेने मोडतोड करते. सरावात मिनिटाला १८० ठोक्यांवर बसलेलं गाणं समोर गर्दी दिसताच २०० पार करतं. ड्रमरचे मनगटाचे स्नायू आखडतात. बेस ड्रम लाथेगणिक पुढे सरकतो. खाली सतरंजी आणि पुढे वीट ठेवली नाही तर तिसऱ्या गाण्याला तो गायकाच्या पायाशी. गिटारची वायर पट्ट्यामागून वळवून मगच खोचायची. कोणी तरी तिच्यावर पाय देणारच आहे. मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, नसतो, गायकाला स्वतःचा आवाज येत नाही, म्हणून तो आणखी ओरडतो. घसा बसतो तो असा.

आयडल्सचे दोघे, इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन, लगेच मायनर थ्रेट या नव्या बँडमध्ये गेले. पाऊण मिनिटाचं त्यांचं एक गाणं दारू-सिगारेट नाकारणाऱ्या आख्ख्या पंथाला नाव देऊन गेलं. पण हा बँड पहिल्यांदा थांबला तो गिटारवाला कॉलेजला गेला म्हणून! मला तरी हेच हार्डकोरचं सर्वांत प्रामाणिक कारण वाटतं. वय सतरा-अठराचं, त्यामुळे प्रवेशाची तारीख क्रांतीच्या आडवी येते. तो परतला, १९८२मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली, दुसरा बेसवाला आला, आधीचा बेसवाला दुसऱ्या गिटारवर गेला. पाच माणसं म्हणजे पाच मतं. गाणी सुरेल व्हावीत की नकोत, पुढे कुठे जायचं, यावर एकमत होईना.

शेवटचा कार्यक्रम २३ सप्टेंबर १९८३ला झाला. त्यानंतर, डिसेंबरमध्ये, मोडलेला बँड स्टुडिओत जमला आणि उरलेली गाणी रेकॉर्ड केली. ती बाहेर पडली १९८५मध्ये. या वेळीही सात इंचीच.