‘एकदा बंद करून चालू करा’

‘वीज गेली, परत आली आणि तेव्हापासून हा स्ट्रीमर चालत नाही’ अशी तक्रार असली की आमच्या दुरुस्तीच्या धंद्यातला कुणीही आधी पॉवर सप्लायकडे बघणार. त्यात चूक काही नाही. म्युझिक स्ट्रीमर (इंटरनेटवरचं किंवा घरातल्या फाइलींतलं संगीत वाजवणारं यंत्र) म्हणजे शेवटी एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी एक डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजी सिग्नल करणारा भाग, आणि दोघांना पोसणारा पाच व्होल्टचा ॲडॅप्टर. तिघांत सगळ्यात आधी राम म्हणतो तो ॲडॅप्टर. नुसता मल्टीमीटर लावला तर पाच व्होल्ट बरोबर दाखवतो आणि लोड पडला की मान टाकतो. म्हणून मी आधी लोड लावतो, मग मोजतो.

काकांचा स्ट्रीमर माझ्या टेबलावर आला तोवर तो एका कारागिराच्या हातून गेला होता. त्याने ॲडॅप्टर बदलला होता, तिथवर ठीक. पण बोर्डावरचे सॉलिड पॉलिमर कपॅसिटर काढून साधे इलेक्ट्रोलिटिक बसवले होते, तेही ‘ऑडिओ ग्रेड’ छापलेले, लांब पायांवर तिरके उभे, खाली फ्लक्स तसाच. ज्या रेग्युलेटरला सेकंदाला लाखो वेळा स्विच करायचं असतं त्याला कमी ईएसआरचा, म्हणजे आतला रोध कमी असलेला, कपॅसिटर लागतो. वरचं सोनेरी अक्षर त्याला दिसत नाही. व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप लावला, प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाला स्प्रिंग लावली (ती लांब वायर स्वतःच अँटेना होते आणि नसलेला रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली थरथर, दाखवते) आणि पाहिलं तर पाच व्होल्टच्या रेषेवर शंभर मिलीव्होल्टच्या वर करवतीसारखे दाते. म्हणजे दुरुस्तीने यंत्र आधीपेक्षा वाईट झालं होतं. पॉलिमर परत बसवले, रेषा सरळ झाली. मूळ तक्रार जागच्या जागी.

खरं तर यंत्र मेलेलं नव्हतंच. पेनड्राइव्ह लावला की गाणं सुरू. घरातल्या नासवरचा (नेटवर्कला जोडलेल्या फाइलींच्या साठ्यावरचा) सगळा संग्रह, चोवीस बिटच्या फाइलींसकट, बिनतक्रार. बंद होते ते इंटरनेट रेडिओ आणि काकांची पैसे भरून घेतलेली संगीतसेवा. आधीच्या कारागिराने पेनड्राइव्ह लावून ऐकलं, ‘चालतंय’ म्हणून परत दिलं. इंटरनेटवाल्याचा पोरगा येऊन फोनवर स्पीड टेस्ट करून गेला, ‘नेट एकदम ओके’. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ प्रवाह न दाबता पाठवला तरी सेकंदाला साधारण १४०० किलोबिट लागतात, त्यामुळे स्पीडचा मुद्दाच नव्हता. एका मित्राने लिनिअर पॉवर सप्लाय घ्या म्हणून सुचवलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ॲपवर एकच वाक्य येत होतं: ‘नेटवर्क एरर’. हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारायचं आहे मला. केबल निघाली, नाव सापडलं नाही, समोरच्याने नाकारलं, की यांनीच समोरच्याला नाकारलं? चार वेगळी दुखणी, चार वेगळे इलाज. प्रोग्रॅममध्ये नेमकं कारण माहीत असतं, आकड्यासकट. ते ग्राहकाला घाबरवेल म्हणून गिळतात आणि मग आमच्यासारखे लोक कपॅसिटर बदलत बसतात.

काका मात्र पहिल्याच दिवशी बोलून गेले होते, “काही स्टेशनं लागतात हो. पण जी लागतात ती मला नकोत.”

हे त्यांनी आधीच्या सगळ्यांनाही सांगितलं होतं. कुणी वहीत उतरवलं नाही.

लागणारी आणि न लागणारी अशी स्टेशनं शेजारी शेजारी मांडली. देश, भाषा, बिटरेट, एमपी३ की एएसी, कशातच मेळ बसेना. मग पत्ते पाहिले. लागणारी सगळी साध्या एचटीटीपीवर, न लागणारी सगळी एचटीटीपीएसवर (सांकेतिक केलेल्या, सुरक्षित जोडणीवर). म्हणजे यंत्र इंटरनेटपर्यंत पोचत होतं, फक्त कुलूपबंद दारांशी अडत होतं.

स्ट्रीमर आणि राउटरच्या मध्ये पोर्ट मिरर करणारा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नक्कल देणारा, स्विच टाकला आणि ती पॅकेटं वाचणारा वायरशार्क हा प्रोग्रॅम लावला. मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच. स्ट्रीमर ‘हॅलो’ म्हणतो, सर्व्हर उलट ‘हॅलो’ म्हणतो आणि आपलं सर्टिफिकेट, म्हणजे मुदतीच्या तारखा घातलेलं ओळखपत्र, पुढे करतो, आणि तिथे स्ट्रीमरच फोन ठेवतो. ठेवताना कारणही सांगतो, टीएलएस (एचटीटीपीएसच्या कुलपाची पद्धत) अलर्ट क्रमांक ४२, सर्टिफिकेट खराब. जुन्या टीएलएस १.२ मध्ये हा अलर्ट उघडा जातो म्हणून मला वाचता आला. नव्या १.३ मध्ये तोही बंद पाकिटात असतो. सर्टिफिकेट मात्र खराब नव्हतं. तेच माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालत होतं.

मग स्ट्रीमरच्या वेबपेजवरून सिस्टिम लॉग उतरवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच तारीख: १ जानेवारी १९७०.

लिनक्सचं घड्याळ तिथूनच मोजायला सुरुवात करतं. ज्याला वेळ सांगणारं कुणी नाही ते यंत्र दर वेळी तिथेच जागं होतं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, त्यावर वीज नसतानाही घड्याळ चालतं. या स्ट्रीमरमध्ये तो सेल नाही. चालू झाल्यावर इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारायची, एवढ्यावर भागवलेलं. आणि १९७० सालात बसलेल्या यंत्राला आजचं सर्टिफिकेट म्हणजे पुढची तारीख घातलेला चेक. ‘अजून लागू नाही’ म्हणून ते नाकारणार. नियमाने बरोबरच वागत होतं बिचारं.

वेळ मिळत का नव्हती तेही त्याच पॅकेटांत होतं. दर काही सेकंदांनी स्ट्रीमर एकाच नावाचा पत्ता विचारत होता आणि डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून) उत्तर येत होतं, असं नाव अस्तित्वातच नाही. टाइम सर्व्हरचं ते नाव कंपनीच्या स्वतःच्या डोमेनखालचं, फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) कोरलेलं, सेटिंगमध्ये बदलायची सोय नाही. कंपनीने ते मॉडेल बंद केलं, कधीतरी कुणीतरी त्या सर्व्हरची नोंद पुसली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

टाइम सर्व्हर असा कोरून ठेवू नये, हा धडा या क्षेत्राला फार पूर्वी मिळाला आहे. २००३ साली नेटगिअरच्या काही राउटरांनी विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर वेळेच्या विचारणांचा लोंढा सोडला होता, कारण त्याचा पत्ता फर्मवेअरमध्ये कोरला होता. पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग ही टाइम सर्व्हरांची सामायिक सोय त्याच वर्षी सुरू झाली. यंत्रं बनवणाऱ्यांना तिथे स्वतःचं वेगळं नाव मागून घेता येतं. बरं, सेल नको तर नको. रास्पबेरी पायच्या जुन्या बोर्डांवरही सेल नसतो, पण त्यावरची सिस्टिम बंद होताना शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करते. चार ओळींचं काम. ते इथे कुणी केलं नव्हतं.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. सर्व्हर अचानक त्याच दिवशी, वीज गेली तेव्हाच, कसा बंद पडेल? मी काकांना फोन केला.

“काका, याआधी याचा प्लग कधी काढला होता?”

“छे! कधीच नाही. स्टँडबायवरच ठेवा म्हणून पुस्तकात लिहिलंय. शिवाय तो यूपीएसवर आहे.”

“मग त्या दिवशी वीज गेली तेव्हा तो बंद झालाच नसेल.”

“नाही, दिवा चालू होता त्याचा. राउटर गेला होता. रेडिओ थांबला म्हणून मी कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, स्ट्रीमरचा प्लग काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. तरी होईना म्हणून फॅक्टरी रीसेट करायला लावला. माझी सगळी जमवलेली स्टेशनं गेली त्यात.”

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. टाइम सर्व्हर त्या दिवशी गेला नव्हता, तो कधीच गेला होता. किती दिवसांपूर्वी, की वर्षांपूर्वी, हे आता कळायला मार्ग नाही. यंत्र सतत चालू असल्यामुळे जुनी वेळ पोटात धरून पुढे मोजत होतं. आतला क्रिस्टल अगदी सुमार, पन्नास पीपीएमचा (दहा लाख सेकंदांत पन्नास सेकंद चुकणारा) धरला तरी दिवसाला चार-साडेचार सेकंद चुकेल, वर्षाला पाऊण तासही नाही. सर्टिफिकेटला एवढ्याने फरक पडत नाही. राउटर परत सुरू होईपर्यंत काका नुसते बसून राहिले असते तर रेडिओ पुन्हा लागला असता. पण त्यांनी नीट, सांगितल्याप्रमाणे, प्लग काढला. तोच सल्ला मीसुद्धा फोनवर येणाऱ्या प्रत्येकाला देतो, आणि बहुतेकांचं काम त्याने होतं.

इलाज सोपा निघाला. नासवर टाइम सर्व्हर आणि छोटा डीएनएस सर्व्हर, दोन्ही चालू केले. त्या मेलेल्या नावाचा पत्ता विचारला तर नासचाच पत्ता सांग, अशी नोंद टाकली. स्ट्रीमरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून नास दिला आणि प्लग काढून परत लावला. लॉगमध्ये १९७० च्या काही ओळी आल्या आणि पुढची ओळ थेट आजच्या तारखेची. संगीतसेवेने लॉगिन घेतलं. स्टेशनं लागली.

सगळी नाही. काही अजूनही नकार देत होती, पण आता ४२ च्या जागी ४८: सर्टिफिकेट देणारी संस्था ओळखीची नाही. हे दुखणं वेगळं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं पूर्वी ज्या जुन्या रूटच्या (ज्यावर बाकीच्यांचा विश्वास टेकतो त्या मूळ सर्टिफिकेटच्या) आधारावर जुन्या यंत्रांत चालत, त्या रूटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. त्यांचं स्वतःचं रूट २०१५ मधलं, पण या स्ट्रीमरच्या विश्वासू रूटांच्या यादीत ते कधी आलंच नाही. नासकडून खोटी, जुनी तारीख सांगून काही साधेल का, असा मोह झाला. पण त्या सर्टिफिकेटांची मुदत असते फार तर नव्वद दिवसांची, मागे गेलं की आजचं सर्टिफिकेट पुन्हा ‘अजून लागू नाही’. शेवटी नासवर एक मध्यस्थ बसवला. बाहेरून एचटीटीपीएसने घ्यायचं, घरात साध्या एचटीटीपीने द्यायचं. स्टेशनचा पत्ता हाताने टाकायची सोय स्ट्रीमरमध्ये होती म्हणून निभावलं. काकांनी बसून यादी परत भरली, आणि आता खूश आहेत.

मी तितका नाही. जॉबकार्डवर ‘दोष’ म्हणून एक रकाना असतो आणि त्यात काय लिहावं ते सुचेना. बोर्ड ठणठणीत, डॅक ठणठणीत, ॲडॅप्टर तर नवाकोरा. काकांना नवीन स्ट्रीमर घ्या म्हणणाऱ्यांच्या हातात मात्र आयतं कारण होतं. शेवटी ‘टाइम सर्व्हर बंद, नासवरून पर्यायी सोय’ असं लिहिलं आणि नासवरच्या तिन्ही सेटिंगांचा कागद स्ट्रीमरच्या पोटाला चिकटवला. नास उद्या बदलला की हा पुन्हा १९७० मध्ये जाणार. तेव्हा जो येईल त्याने यंत्र उलटं करून तो कागद वाचला तर बरं, नाहीतर तोही पेनड्राइव्ह लावेल.