आश्रयाच्या अर्जातली जन्मतारीख

आजचा दिवस अमेरिकेतल्या एका अफगाण कुटुंबाच्या आश्रय-अर्जाच्या कागदांत गेला. लोकांना वाटतं, आश्रय म्हणजे दुःख सांगायचं आणि कागद मिळवायचा. पण तेवढ्यानं भागत नाही: छळाची भीती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एकाशी जोडून दाखवावी लागते. नुसती गरिबी किंवा युद्ध पुरत नाही. आश्रयाचा अर्ज, म्हणजे आय-५८९, देशात आल्यापासून एका वर्षात भरायचा. अपवाद आहेत, पण ते सिद्ध करताना दमछाक होते.

खरी गोची तारखांची. 'तझकिरा' या अफगाण ओळखपत्रावर बऱ्याचदा जन्मतारीख नसतेच. '१३८५ मध्ये वय १२' एवढंच असतं. हे अफगाण कालगणनेचं हिजरी सौर वर्ष. ते मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून इंग्रजी वर्ष काढायला ६२१ मिळवायचे, पण जानेवारी ते साधारण २० मार्चपर्यंतच्या तारखांना ६२२. (आपल्या शकाचं ७८-७९ सारखंच.) मग कुणीतरी १ जानेवारी ठोकून देतं, दुसऱ्या कागदावर वेगळंच वर्ष येतं आणि मुलाखतीत अधिकारी नेमकं तेच विचारतो. फरक लपवू नका, हिशेब लिहून जोडा. भाषांतर पूर्ण हवं, शिक्क्यांसकट, आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्रही.

मागे राहिलेल्या जोडीदाराची आणि मुलांची नावं पहिल्याच अर्जात घाला. आश्रय मिळाल्यावर त्यांना बोलावण्याचा अर्ज, आय-७३०, दोन वर्षांत भरायचा. मूल अविवाहित हवं आणि मूळ अर्जाच्या दिवशी २१ च्या आत. चुकलेलं एक वर्ष इथेच महागात पडतं.