राखेपासून झिओलाइट आणि झिओलाइटमधून जस्त : दोन विद्याशाखांच्या सीमेवरच्या पीएच.डी.चा माझा अनुभव

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राची राख जळगाव जिल्ह्यात कोणालाच नवीन नाही. विटा, सिमेंट आणि रस्त्यांचे भराव यांत ती जाते. केंद्र सरकारने १९९९ मध्ये तिच्या वापराविषयी अधिसूचना काढली आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांवर सगळी राख वापरात आणण्याचे बंधन घातले. या राखेपासून झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्या असलेले खनिज) तयार करायचे, त्यात जस्त हे पिकाला लागणारे सूक्ष्म अन्नद्रव्य भरायचे आणि ते जस्त जमिनीतून मक्याला मिळते का हे तपासायचे, असा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. मी पदार्थ-रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. मार्गदर्शक सर रसायनशास्त्राचे आणि सहमार्गदर्शक मॅडम मृदशास्त्राच्या. खानदेशातील जी मुले-मुली अशा दोन विद्याशाखांना जोडणारा विषय घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना काम प्रत्यक्षात कसे पुढे सरकते हे कळावे म्हणून हे लिहीत आहे.

प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, संशोधन आराखड्याचे सादरीकरण या पायऱ्या सर्वांनाच असतात, त्यामुळे त्यांविषयी फार लिहीत नाही. एवढेच सांगते की आराखडा लिहितानाच दोन्ही मार्गदर्शकांना एकत्र बसवून प्रत्येक प्रयोगाचा हेतू त्यांच्याकडून तपासून घ्यावा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ‘पदार्थ तयार झाला’ येथे काम संपते आणि मृदशास्त्राच्या दृष्टीने ते तेथून सुरू होते. त्यामुळे वेळेची वाटणी आधीच ठरलेली बरी.

राखेत प्रामुख्याने सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, म्हणजे सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे असतात. त्यांचा काही भाग क्वार्ट्‌झ आणि म्युलाइट या स्फटिकांच्या रूपात असतो, तर बराचसा काचेसारखा अस्फटिकी असतो. झिओलाइट हेदेखील अ‍ॅल्युमिनोसिलिकेटच. फरक असा की त्याच्या सांगाड्यात ठरावीक मापाच्या पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत अदलाबदल करता येणारे धनायन (सोडियम, पोटॅशियम यांसारखे धनभारित आयन) बसलेले असतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत निसर्गतःच झिओलाइट तयार झालेले आहे आणि जळगाव जिल्ह्यातील दगडखाणींतून निघणारे स्टिल्बाइट या झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे जातात. जे काम निसर्गाने लाव्हा थंड झाल्यानंतर सावकाश केले, ते प्रयोगशाळेत अल्क (कॉस्टिक सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) आणि उष्णता यांच्या साहाय्याने थोड्या दिवसांत करता येते. राखेपासून झिओलाइट मिळवण्याची कल्पना हॉलर आणि विर्शिंग यांनी १९८५ मध्ये मांडली आणि तेव्हापासून या पद्धतीवर जगभर काम झाले आहे.

आमची पद्धत अशी होती. राख चाळून चुंबकाने तिच्यातील लोहाचे कण काढायचे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने ती धुवायची, वाळवून कॉस्टिक सोड्यात मिसळायची आणि मफल भट्टीत ६०० अंश सेल्सिअसला वितळणाच्या प्रक्रियेतून काढायची. कॉस्टिक सोडा या तापमानाला चिनी मातीची मूस खातो, म्हणून निकेलची मूस वापरावी लागते. थंड झालेला हिरवट करडा गोळा कुटून पाण्यात ढवळायचा, रात्रभर मुरू द्यायचा आणि नंतर बंद भांड्यात १०० अंशांच्या आसपास स्फटिकीकरणासाठी ठेवायचा. पावसाळ्यात हा कुटलेला गोळा हवेतील ओलावा इतक्या वेगाने ओढतो की वजन करेपर्यंतच तो चिकट होतो; त्यामुळे हे काम आम्ही शक्यतो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात उरकत असू. जळगावच्या मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना, भट्टीच्या खोलीत उभे राहणे सोपे नसते, पण कोरडी हवा त्या कामाला मानवते.

तयार पदार्थात कोणते स्फटिक आहेत हे दाखवणारा क्ष-किरण विवर्तन आलेख काढल्यावर १२.५, १७.७, २१.७, २८.१ आणि ३३.४ अंशांच्या कोनांजवळ शिखरे दिसली. ती ‘एनए-पी१’ या झिओलाइटची ओळख आहे. वितळण पद्धतीत आधी बहुधा ‘एक्स’ प्रकारचे झिओलाइट तयार होते आणि वेळ वाढवला की त्याचे ‘पी’ प्रकारात रूपांतर होऊ लागते, त्यामुळे नेमके कुठे थांबायचे हे शोधण्यात बराच काळ गेला. राखेतील म्युलाइटची शिखरे पुसली गेली आणि झिओलाइटची तीक्ष्ण झाली, तो आलेख पाहून मला अतिशय आनंद झाला होता.

तो आलेख घेऊन मी संशोधन सल्लागार समितीपुढे गेले. सादरीकरण संपल्यावर मॅडमनी दोन प्रश्न विचारले आणि पुढची सगळी दिशा त्या दोन प्रश्नांनी ठरली. पहिला प्रश्न असा : या पदार्थाच्या पोकळ्यांत सोडियम भरलेले आहे, ते काळ्या जमिनीत सुटले तर जमिनीचे काय होईल? दुसरा असा : तापीकाठच्या काळ्या जमिनीची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे धनायन धरून ठेवण्याची आणि त्यांची अदलाबदल करण्याची ताकद, आधीच मोठी, बहुधा किलोमागे ४० ते ६० सेंटिमोल असते, तेथे तुमचे झिओलाइट अधिक काय देणार?

पहिल्या प्रश्नाचे गांभीर्य शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही कळावे. विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण होते. चिकणमातीचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. क्ष-किरण आलेखावर निर्दोष दिसणारा पदार्थ शेतात अपाय करू शकतो, हे रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हाला कोणी शिकवले नव्हते. त्यावर उपाय म्हणून आम्ही झिओलाइट पोटॅशियमच्या क्षाराच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतले आणि बहुतांश सोडियम काढून टाकले. पोटॅशियम पिकाला हवेच असते, त्यामुळे पोकळीत जे उरेल तेही उपयोगाचेच.

दुसऱ्या प्रश्नामुळे प्रयोगाची जमीन बदलली. आराखड्यात फक्त काळी जमीन होती. तिच्या जोडीला पारोळा तालुक्यातील आमच्या स्वतःच्या वावराची हलकी, मुरमाड जमीन घेतली. अशा बरड जमिनीत चिकणमाती कमी, म्हणून अन्नद्रव्य धरून ठेवण्याची ताकदही कमी. माती भरून पोती गाडीत ठेवत असताना आप्पांनी विचारले, ‘मंग हाई राख वावरमा टाकानी का?’ तेव्हा मी त्यांना सांगितले की कच्ची राख अजिबात टाकायची नाही, आणि त्याचे कारणही समजावले. कोळशात जे जड धातू असतात ते राखेत उतरतात. म्हणून धुतलेल्या झिओलाइटमधून आर्सेनिक, क्रोमियम, शिसे आणि कॅडमियम किती सुटते याची तपासणी आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतली, आणि ती समाधानकारक आल्याशिवाय एकाही कुंडीत तो पदार्थ घातला नाही. अल्कात विरघळलेले आर्सेनिक गाळून निघालेल्या पाण्यात जाते. त्या पाण्याची विल्हेवाट हादेखील प्रयोगाचाच भाग मानायला हवा, असे माझे ठाम मत आहे. अनेक शोधनिबंधांत त्याचा उल्लेखही नसतो.

जस्त भरण्याचा टप्पा माझ्या दृष्टीने सर्वांत शिकवणारा ठरला. झिंक सल्फेटच्या द्रावणात झिओलाइट ढवळले की द्रावणातील जस्त कमी होते, हे सहज मोजता येते. पण ते जस्त पोकळीत गेले की पृष्ठभागावर नुसते साचले, हे त्यावरून कळत नाही. झिओलाइट स्वतः अल्कधर्मी असते, त्यामुळे द्रावणाचा सामू (पीएच) ७ च्या पुढे सरकला की जस्त हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसू लागते आणि आकडे फसवे मोठे दिसतात. सामू फार खाली आणावा, तर कमी सिलिकाचा हा सांगाडा आम्लात विरघळू लागतो. म्हणजे काम करायला मधली अरुंद पट्टीच उरते. आम्ही सामू ५.५ च्या जवळ धरला, तो सतत तपासत राहिलो, आणि आत गेलेल्या जस्ताबरोबर बाहेर पडलेले पोटॅशियम आणि उरलेसुरले सोडियम ज्योत-प्रकाशमापकावर मोजले. जस्ताच्या आयनावर दोन धनभार असतात, म्हणून एक जस्त आत जाताना एकभारी दोन आयन बाहेर पडायला हवेत. हा हिशेब जुळला तेव्हाच आम्ही ‘विनिमय झाला’ असे लिहिले. नुसत्या जस्ताच्या आकड्यावर कधीच विसंबलो नाही.

कुंडी प्रयोगासाठी मका निवडला, कारण जस्ताची कमतरता हे पीक लवकर दाखवते. नव्या पानांच्या बुडाशी शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पांढरे पट्टे येतात आणि कमतरता तीव्र असेल तर कोंबच पांढरट दिसतो. आपल्याकडील चुनखडीयुक्त जमिनींचा सामू ८ च्या वर असतो आणि सामू एका अंकाने वाढला की जस्ताची विद्राव्यता सुमारे शंभर पटींनी घटते. मातीत एकूण जस्त असूनही पीक उपाशी राहते ते यामुळे. मातीतील पिकाला उपलब्ध जस्त मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने काढलेले जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती जमीन जस्ताला कमी पडते असे मानतात. शेतकऱ्याला यावर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस केली जाते. त्यामुळे आमची खरी तुलना झिंक सल्फेटशीच व्हायला हवी होती. काहीही न दिलेली कुंडी, झिंक सल्फेटची कुंडी, जस्त न भरलेल्या झिओलाइटची कुंडी आणि जस्त भरलेल्या झिओलाइटची कुंडी, अशी मांडणी दोन्ही जमिनींत, पुरेशा पुनरावृत्तींसह केली. जस्ताची मात्रा मात्र झिंक सल्फेट आणि जस्त भरलेले झिओलाइट या दोन्हींत अगदी सारखी ठेवली. नव्या पदार्थाची तुलना फक्त रिकाम्या कुंडीशी केली तर कोणताही पदार्थ चांगलाच दिसतो.

या प्रयोगात कळीचा मुद्दा होता तो बाहेरून येणारे जस्त टाळण्याचा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, तसाच मुलामा असलेल्या जीआय पाइपमधून येणारे नळाचे पाणी, रबरी बूच, इतकेच काय हातमोज्यांची पावडर, यांतूनही जस्त येते. मॅडमनी पहिल्याच दिवशी ही यादी हातात दिली होती. म्हणून कुंड्या प्लॅस्टिकच्या, पाणी डीआयोनाइज्ड, आणि भांडी सौम्य आम्लात भिजवून धुतलेली, हा नियम शेवटपर्यंत पाळला. संध्याकाळी प्रत्येक कुंडी काट्यावर ठेवून वजनात जेवढी घट झाली असेल तेवढेच पाणी घालायचे. उन्हाळ्यात ही घट इतकी असे की सकाळीही एक फेरी करावी लागे. पाने ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि नंतर डीआयोनाइज्ड पाण्याने धुऊन, वाळवून, नायट्रिक आणि पर्क्लोरिक आम्लांच्या मिश्रणात विरघळवली आणि अणुशोषण वर्णपटमापकावर २१३.९ नॅनोमीटरला जस्त मोजले.

निष्कर्ष दोन्ही जमिनींत वेगळा आला. काळ्या जमिनीत झिंक सल्फेट आणि जस्त भरलेले झिओलाइट यांच्या उत्पन्नात सांख्यिकीदृष्ट्या सार्थ फरक दिसला नाही. मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेच होते. हलक्या जमिनीत सुरुवातीच्या आठवड्यांत झिंक सल्फेटच पुढे होते, पण पुढे त्याचे उपलब्ध जस्त झपाट्याने उतरले आणि झिओलाइटच्या कुंड्यांत ते टिकून राहिले. पानांतील जस्तानेही तेच दाखवले. जस्त न भरलेल्या झिओलाइटने दोन्हीकडे काहीच साधले नाही. काळ्या जमिनीचा निकाल प्रबंधात मागे ढकलावा असा सल्ला काहींनी दिला, पण तो मी स्वतंत्र प्रकरण करून लिहिला, कारण जळगाव जिल्ह्यातील तापीकाठच्या शेतकऱ्याला या पदार्थावर पैसे घालू नयेत हे सांगणारा तोच निकाल आहे.

प्रबंध लिहिताना दोन वाचक डोळ्यांसमोर ठेवावे लागले, कारण परीक्षकांपैकी एक रसायनशास्त्राकडचे आणि एक कृषीकडचे असणार हे उघड होते. रसायनशास्त्रज्ञासाठी डीटीपीए पद्धत का वापरली हे, आणि मृदशास्त्रज्ञासाठी विवर्तन आलेख कसा वाचायचा हे, मी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला विस्ताराने लिहिले. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत साधर्म्य १० टक्क्यांच्या आत असावे लागते. पद्धतींची वर्णने सगळीकडे सारखीच असल्याने तेथे प्रत्येक वाक्य स्वतः नव्याने बांधण्याला पर्याय नाही.

मौखिकीत सर्वाधिक चर्चा खर्चावर झाली. राख फुकट मिळते, पण कॉस्टिक सोडा, भट्टीची वीज आणि धुण्याचे पाणी फुकट नाही, आणि झिंक सल्फेट स्वस्त आहे. या स्थितीत हा पदार्थ सरसकट खत म्हणून परवडणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. हलक्या जमिनीत एकदा दिलेली मात्रा पुढच्या पिकालाही पुरली तरच हिशेब बदलू शकतो. म्हणून आता मक्यानंतर त्याच मातीत, नवे जस्त न देता, हरभरा घेतला आहे. घाटे भरल्यावर दाण्यांतील जस्त मोजणार आहे. धुण्याच्या पाण्यातील कॉस्टिक सोडा पुढच्या घाण्यात पुन्हा वापरता येतो का, याची चाचणीही सोबत सुरू केली आहे.