थेंब मोजताना

रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. धाकट्या भावाचा आत्ताच कुठे डोळा लागला आहे आणि मी त्याच्या उशाशी बसून हे लिहिते आहे. सलाईनचा थेंब नळीच्या वरच्या फुगीर भागात क्षणभर लोंबकळतो आणि सुटतो. गेले काही दिवस जपाला बसले की माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून नामाबरोबर सरकत नाही, या थेंबांबरोबर सरकतो. आधी त्याचे मनाला फार लागत असे. आज लागले नाही.

दुपारी एक स्नेही येऊन गेले. "देव ज्यांना आपले मानतो त्यांचीच परीक्षा पाहतो," असे ते जाताना म्हणाले. त्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण या आजारपणाने माझा विश्वास जेवढा हलला नाही, तेवढा अशा समजुतींनी हलला आहे. माझी श्रद्धा किती खोल आहे हे पाहण्यासाठी माझ्या भावाला रात्र रात्र कण्हायला लावणारा देव मी ओळखत नाही आणि त्याच्यापुढे माझे हात जोडले जात नाहीत.

ते गेल्यावर बायबलमधल्या ईयोबाची आठवण झाली. मुले, संपत्ती, आरोग्य असे सगळे गमावून बसलेल्या त्या माणसाजवळ त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसून राहिले, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. पुढे ते बोलू लागले, तुझेच काही पाप असणार असे सुचवू लागले, आणि तिथेच ते चुकले. ईयोबाने मात्र स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाकडे जाब मागितला. तरीही शेवटी देव रागावतो तो देवाचीच बाजू मांडणाऱ्या मित्रांवर, आणि माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असे सांगतो. दुःखाचे कारण तो शेवटपर्यंत सांगत नाही, हेही खरे.

आपल्या तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी गमावली, मुलगा गमावला, आणि विठ्ठलाला त्यांनी काय काय ऐकवले नाही! मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा अनेक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते हे जगाला कळले. ते प्रथम वाचले तेव्हा मी घाबरले होते, कारण त्यांची ही स्थिती, तर माझ्यासारखीने कोणाकडे पाहायचे, असे वाटले होते. आज त्याच गोष्टीचा आधार वाटतो. आतून काहीही जाणवत नसताना त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या आणि आजाऱ्यांपाशी जात होत्या.

संध्याकाळी मीही बसले. "याला बरा कर," असे म्हटले आणि लागलीच, "ऐकतो आहेस ना?" असेही विचारले. उत्तर आले नाही. राग आला, रडू आले. तरी उठावेसे वाटले नाही, आणि जे बोलायचे होते ते त्यालाच बोलले.

भाऊ कूस बदलतो आहे. बाटली संपत आली आहे. सिस्टरना हाक मारली पाहिजे.