पांढऱ्या ओठांचा संशयी

चब माशाचे ओठ जाड आणि पांढरे असतात, आणि ऑगस्टातल्या एखाद्या तापलेल्या दुपारी इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या व्हिक्टोरिया पुलावर कठड्याला टेकून वाय नदीत पाहत उभे राहिले, की आधी दिसतात ते हे ओठच. परवा काठच्या विलोच्या झाडावरून एक काळा भुंगेरा टपकन पाण्यात पडला. सावलीतून हातभर लांबीचा एक चब मुळीच घाई न करता वर आला, भुंगेऱ्याखाली थांबला, त्याच्या मागोमाग थोडा वाहत गेला, आणि मंडईत भेंडीचे टोक मोडून पाहणाऱ्या गृहस्थांसारखी नापसंती दाखवून पुन्हा खाली निघून गेला. भुंगेरा खरा होता. गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली माशी घेऊन मी ज्याच्या मागे हिंडतो, त्याला अस्सल किडासुद्धा पटत नाही, हे पाहून मला फार बरे वाटले.

एरवी या माशाला काहीही चालते. गोगलगायी, झाडावरून गळलेली एल्डरबेरीची फळे, पाव, चीज, कोळंबीसारखे दिसणारे क्रेफिश, इतर माशांची पिल्ले, सारे तो गिळतो आणि घशातल्या दातांनी भरडून काढतो. तरीही गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिणाऱ्या आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने १६५३ साली त्याला सगळ्यांत भित्रा मासा ठरवले, ते योग्यच होते. उन्हाच्या वेळी सावलीतला डोह गाठावा, चब वरच्या वर तरंगताना दिसतील, आणि गळाच्या काठीची किंवा वरून उडणाऱ्या पाखराची सावली पडताच ते तळाला जातील, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा झाडाआड उभे राहून नाकतोडा अलगद पाण्यावर टेकवायचा. आज नाकतोड्याच्या जागी काळ्या फोमचा भुंगेरा आला आहे. बाकी कृती तीच.

या कृतीत मला आवडतो तो तिचा गावंढळपणा. ट्राउट माशासाठी माशी पाण्यावर कापसासारखी उतरावी लागते. चबसाठी ती फांदीखाली थपकन पडली तर अधिक चांगले, कारण भुंगेरे तसेच पडतात. मग पांढरे तोंड उघडते, आणि नेमक्या त्या क्षणी काठी उचलण्याचा मोह आवरावा लागतो. मासा तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबायचे असते. हे थांबणे क्षणभराचेच. पण त्या क्षणात माणसाला स्वतःचा स्वभाव नीट कळतो.

इंग्रजांनी माशांतही वर्ण पाडले आहेत. सामन आणि ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे मानाचे; चब आणि त्याचे भाऊबंद ‘कोर्स’, म्हणजे हलके. सामनच्या नद्यांतून पूर्वी चबला जाळे टाकून काढत आणि मारून टाकत. वायवरही सामनचाच मान होता. आता कोंबड्यांच्या शेडमधले खत आणि सांडपाणी नदीत उतरते, उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, पांढऱ्या फुलांचे पाणवेलींचे ताटवे विरळ झाले आहेत आणि सामन फारच कमी उरले आहेत. तेव्हा ज्या काठांवर चबचे नाव काढणे कमीपणाचे होते, तिथेच आता चब आणि बार्बेल नावाच्या दुसऱ्या कोर्स माशासाठी दिवसाची तिकिटे विकली जातात. याचा आनंद मानावा असे मला वाटत नाही.

लहानपणी आजी आम्हांला महाडजवळ काळ नदीवर, वाळण कोंडीला नेत असे. तिथले महसीर मासे देवीचे. त्यांना कोणी गळ लावीत नाही. आजीच्या ओंजळीतले चुरमुरे पाण्यावर पसरले, की काळ्याशार डोहातून ही मोठमोठी तोंडे वर येत आणि पाणी उकळल्यासारखे होई. महसीर हे चबचे दूरचे नातलग. यांचेही दात घशातच. पण तिथे आम्ही ओरडत होतो, पाण्यावर वाकत होतो, आमच्या सावल्या त्यांच्या पाठींवर पडत होत्या, आणि एकही मासा हलत नव्हता. धाकटी बहीण एकीकडे त्यांना भरवीत होती आणि दुसरीकडे चुरमुरे स्वतःच खात होती, म्हणून तिला धपाटा बसला होता. मी हे कशासाठी सांगत होतो, ते आता निसटले.

गरवायला कुठेही तयार असणाऱ्या माझ्या मामांना इंग्लंडची ही तऱ्हा मान्य नाही. ‘‘धरून सोडायचा, तर धरायचा कशाला रे?’’ असे ते फोनवर विचारतात. वीस सेंटीमीटरपेक्षा मोठा चब इथल्या नदीतून घरी नेता येत नाही, हा कायदा मी त्यांना सांगतो. शिवाय तो बेचव आणि काट्यांनी भरलेला असतो, हेही सांगतो. मग ते अधिकच चिडतात. विलोच्या खालच्या फांद्यांत माझ्या पुष्कळ माश्या अडकून राहिल्या आहेत. त्यांच्याकडे बघून बघूनच पुलाखालचे चब शहाणे झाले असावेत, असा माझा एक समज आहे आणि अजून कोणी तो खोडून काढलेला नाही.